डबल शॉकअपची सायकल घ्यावी का?



आठवी-नववीत गेल्यावर घरात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे नव्या सायकलचा. शिरूरच्या किंवा दौंडच्या दुकानात गेलात तर जाड टायरांच्या रंगीत सायकली ओळीने उभ्या दिसतात. त्यांतली सर्वांत ऐटदार सायकल बहुधा दोन स्प्रिंगांची असते. एक पुढच्या चिमट्यात आणि एक बैठकीच्या खाली, मागच्या चाकासाठी. दुकानदार तिला ‘डबल शॉकअप’ म्हणतो. डोंगरातल्या शर्यतींसाठी बनवलेल्या सायकलींची ही नक्कल आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. न्हावऱ्याच्या शाळेत निर्वी, उरळगाव, आंबळे, करडे या बाजूंनी सायकलवर येणाऱ्या विद्यार्थ्याने स्वस्तातली डबल शॉकअप सायकल घेऊ नये. परंतु भौतिकशास्त्र शिकवणारा कोणी सांगतो म्हणून हे मत मान्य करू नका. त्यामागची कारणे तपासा, दुकानात स्वतः प्रयोग करा आणि मगच ठरवा.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. समजा, तुमची वस्ती शाळेपासून ५ किलोमीटर आहे. पायी यायला एक तास लागतो. सायकलने ताशी १५ किलोमीटर वेगाने २० मिनिटे लागतात. जाऊन-येऊन रोजची ८० मिनिटे वाचली. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाचे सुमारे २६५ तास झाले! हा वेळ अभ्यासाचा, खेळाचा, विश्रांतीचा आहे. जी सायकल सहा महिन्यांत खिळखिळी होऊन पडवीला टेकून उभी राहते, ती हे सगळे तास परत घेते. मुलींच्या बाबतीत तर सायकल बंद पडली की शाळा बंद करण्याची भाषा काही घरांत सुरू होते. म्हणून सायकलची निवड विचारपूर्वक करायला हवी.

स्प्रिंग धक्का गिळत नाही

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या की, स्प्रिंग धक्का गिळून टाकत नाही, ती तो साठवते. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने सांगितलेला नियम तुम्ही शिकला असाल किंवा शिकाल: स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात ती उलट जोर लावते. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. दगड मागे पडला की ती ऊर्जा बाहेर येते आणि तुम्हाला वर उडवते. पुन्हा तुम्ही खाली येता, पुन्हा वर जाता. पाळण्याला एकदा झोका दिला की तो कितीतरी वेळ हलत राहतो, तसेच हे.

ही हालचाल थांबवण्यासाठी दुसरेच एक साधन लागते. इंजेक्शनच्या रिकाम्या पिचकारीत गोडेतेल भरून दट्ट्या दाबून पाहा. हळू दाबला तर जातो, जोराने दाबायला गेलात तर तेल अडवते. मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगेबरोबर अशीच तेलाची नळी असते. स्प्रिंगेतली ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलण्यात खर्च होते आणि तिची उष्णता होते. या क्रियेला अवमंदन म्हणतात. धक्का खऱ्या अर्थाने संपवते ते हे अवमंदन. शर्यतीच्या सायकलींत हवेची किंवा पोलादाची स्प्रिंग आणि तेलाची नळी अशी दोन्ही असतात. स्वस्त सायकलींत मागे बहुधा नुसती उघडी स्प्रिंग आणि तिच्या मधोमध एक दांडा असतो. म्हणजे नाव शॉकअपचे, पण त्यातला अर्धा भागच तुमच्या हाती येतो.

पायडल मारताना काय होते?

आता एक गणित करू. तुम्ही बैठकीवर बसल्यावर ती जितकी खाली जाते ती लांबी मोजा. तिला ‘ल’ म्हणू. स्प्रिंग हुकच्या नियमाप्रमाणे वागते असे मानले, तर त्या स्प्रिंगेवर तुम्ही वरखाली होण्याचा आवर्तकाल ‘ल’ इतक्या लांबीच्या साध्या लंबकाच्या आवर्तकालाएवढाच येतो. शिक्षकांनी हे फळ्यावर जरूर सिद्ध करून दाखवावे.

समजा, स्प्रिंग मऊ आहे आणि बैठक ६ सेंटिमीटर खाली गेली. ६ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे अर्धा सेकंद येतो. म्हणजे सायकल सेकंदाला दोनदा वरखाली होऊ पाहते. आता तुमचे पाय मिनिटाला ६० फेरे मारत असतील, तर उजवा आणि डावा मिळून सेकंदाला दोन धक्के होतात. दोन्ही आकडे जुळले! झोक्याला योग्य वेळी हात लावला की झोका वाढतो, तसा तुमचा प्रत्येक पाय सायकलचा झोका वाढवत राहतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. अवमंदन नसेल तर सायकल पायाखाली नाचू लागते.

त्यात किती शक्ती जाते? तुमचे वस्तुमान ४५ किलोग्रॅम असेल आणि प्रत्येक धक्क्याला तुम्ही १ सेंटिमीटर खाली-वर होत असाल, तर ४५ × ९.८ × ०.०१ म्हणजे सुमारे ४.४ ज्यूल ऊर्जेची दर वेळी इकडून तिकडे हालचाल होते. त्यातली निम्मी जरी खिळ्यांच्या आणि सांध्यांच्या घर्षणात गेली, तरी सेकंदाला साडेचार ज्यूल, म्हणजे साडेचार वॅट वाया गेले. सपाट रस्त्यावर आरामात सायकल चालवताना आपण साधारण ५० वॅट खर्च करतो. म्हणजे दर शंभर रुपयांतले नऊ रुपये वाटेतच सांडले.

यावर उपाय म्हणून स्प्रिंग कडक केली तर? मग ४५ किलोग्रॅमच्या मुलाने ती दाबलीच जात नाही. अशी स्प्रिंग नुसते ओझे ठरते.

मग शर्यतीतले लोक ती का वापरतात?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. डोंगरी सायकलींची क्रॉस-कंट्री शर्यत १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकमध्ये प्रथम आली. पुढच्या चिमट्यातली स्प्रिंग स्पर्धकांनी लवकर स्वीकारली, पण मागे स्प्रिंग नसलेली ताठ सायकलच बरीच वर्षे त्यांना पसंत होती. कारण तेच: वजन आणि वाया जाणारी शक्ती. २०१६ साली रिओ येथे स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने दोन्हीकडे स्प्रिंग असलेल्या सायकलवर सुवर्णपदक जिंकले. मधल्या वीस वर्षांत सांगाडे कार्बन तंतूंचे आणि हलके झाले, मागच्या सांध्यांची रचना बदलली, अवमंदन कमी-जास्त करण्याची किंवा स्प्रिंग जखडून टाकण्याची सोय हँडलवर आली.

आजच्या अशा सायकलचे वजन साधारण १० ते १२ किलोग्रॅम असते आणि मागचे चाक १०० ते १२० मिलिमीटर वरखाली होऊ शकते. खडकाळ उतारावर वेगाने येताना चाक जमिनीला चिकटून राहते, आणि चाक चिकटून राहिले तरच ब्रेक लागतो व वळता येते. सह्याद्रीतल्या दगडी पाऊलवाटांवर तिचे मोल आहे. पण तिची किंमत लाखाच्या घरात जाते आणि ठरावीक तासांच्या वापरानंतर तिचे तेल व सांधे तपासावे लागतात. वीस वर्षांच्या सुधारणांनंतर जे जमले, ते काही हजार रुपयांच्या सायकलीत नुसती स्प्रिंग बसवून कसे जमेल?

आपले रस्ते कसे आहेत?

शिरूर-चौफुला मार्ग डांबरी आहे. त्रास होतो तो वस्तीपासून डांबरीपर्यंतच्या शेतरस्त्यावर. तेथे मुरूम, खडे आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या असतात. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते आणि मडगार्डमध्ये गच्च बसून चाकच अडवते. वर्षभर बाभळीचे काटे आणि सराटे आहेतच. यांतल्या चिखलावर आणि काट्यांवर मागच्या स्प्रिंगेचा काडीचा उपयोग नाही. खड्ड्यांपुरता तो आहे, पण त्यासाठी तुमच्याजवळ दोन चांगली साधने आधीच आहेत.

पहिले साधन टायरातली हवा. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली, ती खडबडीत रस्त्यावरचा त्रास कमी व्हावा म्हणूनच. हवा हीसुद्धा एक स्प्रिंग आहे, आणि ती जवळजवळ बिनवजनाची आहे. मागच्या चाकावर ३६० न्यूटन भार असेल आणि हवेचा दाब ४ बार असेल, तर टायर जमिनीला सुमारे ९ चौरस सेंटिमीटर जागेत टेकतो. दाब २ बार केला तर १८ चौरस सेंटिमीटर. टायर तेवढा अधिक चपटा होतो आणि बारीक खडे स्वतःतच सामावून घेतो. मात्र दाब टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच ठेवा. फार कमी केला तर दगडावर रिम आदळून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. अरुंद टायरात दाब असा कमी करता येत नाही, रुंद टायरात येतो. म्हणून टायरची रुंदी ही स्प्रिंगेपेक्षा आधी पाहायची गोष्ट आहे.

दुसरे साधन म्हणजे तुमचे गुडघे आणि कोपरे. खड्डा आला की बैठकीवरून किंचित उठा, पायडली समान उंचीवर ठेवा, हात सैल सोडा. सायकल खाली नाचेल, तुम्ही स्थिर राहाल. स्नायूंत स्प्रिंगही आहे आणि अवमंदनही आहे.

दुकानात करायचे प्रयोग

मोजपट्टी घेऊन एका मित्रासह किंवा मैत्रिणीसह जा.

१. बैठक जोराने दाबून एकदम सोडा. ती दोन-तीनदा वरखाली झाली तर अवमंदन नाही. एकदाच सावकाश वर आली तर आहे.

२. बसण्यापूर्वी आणि बसल्यावर बैठकीची उंची मोजा. फरक शून्याच्या जवळ असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी निरुपयोगी आहे. फार असेल तर वरचे लंबकाचे गणित करा.

३. चालवताना मित्राला मागच्या स्प्रिंगेकडे पाहायला सांगा. प्रत्येक पायाबरोबर ती दबत असेल तर तुमची शक्ती तेथे जात आहे.

४. मागचे चाक हाताने धरून आडवे हलवा. सांध्यात आताच खुळखुळ असेल तर धुळीत ती वाढणारच. त्या सांध्याचे सुटे भाग मिळतात का, हेही विचारा.

५. धान्याच्या काट्यावर आधी एकटे आणि मग सायकल उचलून उभे राहा. वजाबाकी केली की सायकलचे वजन मिळेल. सपाट रस्त्यावर तीन-चार किलो जास्त असल्याने फार बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण चढावर, आणि चिखलात सायकल उचलावी लागते तेव्हा, ते जाणवते.

पैसे कशावर घालावेत?

माझा क्रम असा आहे. प्रथम तुमच्या उंचीला बसणारा सांगाडा: टाच पायडलवर टेकवून पाय सरळ झाला की बैठकीची उंची ठीक. मग दोन्ही चाकांना नीट लागणारे ब्रेक. मग रुंद, दणकट टायर आणि चिखल निघून जाईल एवढी मडगार्डखाली मोकळी जागा. मग दप्तरासाठी कॅरिअर आणि अंधारासाठी दिवा. गिअर परवडले तर थोडे आणि साधे. पुढची स्प्रिंग असली तर हरकत नाही. मागची स्प्रिंग सर्वांत शेवटी, आणि वरच्या कसोट्यांना उतरली तरच. या सगळ्याची दुरुस्ती गावातल्या सायकलवाल्याला करता आली पाहिजे, ही अट सर्वांना लागू.

“पण सर, ती दिसायला भारी असते!” असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. देखणी वस्तू आवडण्यात काही वावगे नाही. वाईट एवढेच की, सांगाड्यावर आणि ब्रेकवर खर्च व्हायचे पैसे त्या स्प्रिंगेत जातात. किंमत तीच राहते, फक्त नजरेस न पडणारे भाग हलके बसवले जातात. उसाचे किंवा कांद्याचे पैसे आल्यावर वडील एकदाच सायकल घेऊन देतात. ती बारावीपर्यंत टिकायची आहे.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या आवारात रोज इतक्या सायकली उभ्या असतात. त्यांतल्या दोन-तीन निवडून बैठकीचे दबणे, वजन आणि टायरचा दाब मुलांकडून मोजून घ्या. स्प्रिंगेचा धडा एका तासात समजेल, आणि पुढच्या वेळी दुकानात मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या शेजारी उभी असेल तेव्हा दुकानदाराला नेमके काय विचारायचे हे तिला ठाऊक असेल.