मागचं चाक उचललं तर उचलू द्या

हौशी ऑटोक्रॉसला जुनी एस्टीम किंवा होंडा सिटी घेऊन उतरलेल्यांची तक्रार बहुधा एकच: स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी नाकासमोरच जाते. जाणारच. इंजिनाचं ओझं वाहायचं, गाडी ओढायची, वळवायची, ब्रेकचा बहुतेक भारही सोसायचा. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं सगळं पुढच्या दोन चाकांच्याच गळ्यात. मग लोक पुढच्या स्प्रिंगा कडक करायला धावतात आणि आहे ती पकडही घालवतात. इलाज मागे आहे. मागचा अँटी-रोल बार जाड करा, मागच्या टायरांत 3-4 पीएसआय हवा जास्त भरून पाहा. वळणावर मागचं आतलं चाक जमीन सोडतं, बघणारे ओरडतात. पण ते चाक गाडी ओढत नाही, त्यामुळे बिघडत काहीच नाही. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडाच झिजत असतील, तर निगेटिव्ह कॅम्बर वाढवा. मात्र अशी गाडी ऐन वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट फिरवते. तेव्हा ब्रेक नाही, हलका गॅस द्यायचा (पायाला हे पटायला वेळ लागतो). आणि त्याच गाडीने पावसात खंबाटकी उतरून घरी जायचं असेल, तर निघण्यापूर्वी हवा तेवढी पूर्ववत करून घ्या.