टीव्हीवरची शेती आणि आपली खर्चाची वही



बहुतेकांची रोवणी आटोपली. ज्यांची राहिली त्यांचीही दोन-चार दिवसांत होईल. या आठवड्याचा धानाचा सल्ला शेवटी थोडक्यात दिला आहे. त्याआधी एक वेगळा विषय. मेसेज लांब आहे, म्हणून दुपारी निवांत वाचा. नाहीतर घरच्या शिकणाऱ्या पोराला मोठ्यानं वाचायला सांगा, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

*विषय कुठून निघाला?*

मागच्या आठवड्यात एका सभासदांनी मला एक क्लिप पाठवली. एक गोरा, उंच, पोट सुटलेला माणूस भल्यामोठ्या ट्रॅक्टरवर बसलाय आणि एक कोवळा पोरगा त्याला रागावतोय. खाली प्रश्न लिहिला होता, "मॅडम, हा का शेती करते जी?"

मी आधी हसले. मग त्या कार्यक्रमाचे भाग पाहिले आणि हसू थांबलं.

तो माणूस म्हणजे इंग्लंडचा जेरेमी क्लार्कसन. गाड्यांच्या 'टॉप गिअर' या टीव्ही कार्यक्रमामुळे तो जगभर माहीत झाला. २००८ साली त्यानं ऑक्सफर्डशायर भागात सुमारे १००० एकर शेती घेतली. बरीच वर्षं ती दुसराच माणूस करायचा. तो माणूस निवृत्त झाला आणि २०१९ मध्ये क्लार्कसननं ठरवलं, आता मीच करतो. त्यावरच 'क्लार्कसन्स फार्म' हा कार्यक्रम निघाला. २०२१ पासून तो मोबाईलवर प्राइम व्हिडिओला दिसतो.

त्यानं लॅम्बोर्गिनी कंपनीचा एवढा मोठा ट्रॅक्टर आणला की तो कोठारातच मावेना. पेरणीच्या ओळी वाकड्या गेल्या. क्लिपमध्ये रागावणारा पोरगा म्हणजे कॅलेब कूपर, तिथलाच गावचा, ट्रॅक्टर चालवणारा. तो मालकाला तोंडावर सांगतो की तुला काही येत नाही. त्यातच पहिल्या हंगामात पेरणीच्या वेळी पावसानं झोडपलं आणि वसंतात पावसानं दडी मारली. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

*माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा सीन*

ट्रॅक्टरचा सीन गमतीचा आहे. पण कामाचा सीन पहिल्या वर्षाच्या शेवटी येतो. चार्ली आयर्लंड हा त्याचा शेती सल्लागार. म्हणजे माझ्यासारखंच काम करणारा माणूस. तो कागद घेऊन टेबलावर बसतो, वर्षाचं येणं मांडतो, एकेक खर्च वजा करतो आणि शेवटी नफ्याचा आकडा सांगतो. १४४ पौंड. तेव्हाच्या दरानं आपल्या पैशात साधारण १४-१५ हजार रुपये. १००० एकराचे आणि वर्षभराच्या मेहनतीचे.

हा आकडा लाखो लोकांनी पाहिला. तिथल्या शहरातल्या माणसाला पहिल्यांदा कळलं की शेतात पीक उभं दिसलं म्हणजे शेतकऱ्याच्या खिशात पैसा आला असं नसतं. त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेनं क्लार्कसनला पुरस्कार दिला. संघटनेनं चांगला शेतकरी म्हणून तो दिला असेल असं मला वाटत नाही. शेतीचा तोटा चारचौघांत उघडा केला, ही त्याची कमाई.

आता दुसरी बाजूही सांगते. १४४ पौंड ऐकून तो हसू शकतो, कारण त्याच्या घरची चूल त्या शेतावर पेटत नाही. शेती बुडाली तरी कार्यक्रम चालतो, उलट बुडाली तर जास्त चालतो. आपल्या बांधीत कडाकरपा आला तर कॅमेरा येत नाही. म्हणून त्याची शेती पाहून आपण शेती शिकायची नाही. शिकायचा तो कागद आणि तो टेबल.

*आपल्याकडचे मोठे लोक*

आपल्याकडे काय होतं तेही पाहू. जुलै २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात सलमान खान पनवेलच्या फार्महाऊसवर होता. अंगभर चिखल लागलेला त्याचा फोटो आला, शेतकऱ्यांना आदर म्हणून. मागाहून रोवणीचा व्हिडिओही आला. लोकांनी त्या फोटोची टर उडवली. मला त्याचा राग नाही. त्यानं निदान चिखलात पाय घातला. पण त्या फोटोत चिखलणीचा खर्च नव्हता, रोवणीची मजुरी नव्हती, धान किती झालं आणि कोणत्या भावानं गेलं तेही नव्हतं. आदर मिळाला, हिशेब मिळाला नाही.

आमिर खानचं काम मला वेगळं वाटतं. त्यानं आणि किरण राव यांनी २०१६ मध्ये पानी फाउंडेशन सुरू केलं. आधी गावागावांत पाणी अडवण्याची वॉटर कप स्पर्धा झाली आणि त्यावरचा 'तुफान आलंया' हा कार्यक्रम आपण टीव्हीवर पाहिला. २०२२ पासून शेतकरी गटांसाठी फार्मर कप सुरू झाला. त्यात आमिर स्वतः शेतकरी बनून मिरवत नाही. पुढे असतो तो गट. बियाणं-खत मिळून घ्या, एकमेकांच्या शेतात सावडीनं काम करा, खर्च कमी करा, यावर भर असतो. मोठ्या माणसाचा आपल्याला उपयोग व्हायचा तर तो असा व्हावा.

*आता माझी चूक*

हे सगळं दुसऱ्यांबद्दल झालं. आता स्वतःबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मी तुम्हा सगळ्यांना टरबुजाचा एक व्हिडिओ पाठवला होता. मल्चिंग, ठिबक, लाल लाल फळं आणि वर मोठ्या अक्षरात एकरी उत्पन्न. मी खाली लिहिलं होतं, "करून पाहण्यासारखं आहे." आपल्या एका सभासद काकांनी उन्हाळी धान सोडून एक एकर टरबूज लावलं. फळ चांगलं आलं. पण तोडणीच्या आठवड्यात बाजारात माल तुंबला आणि भाव पडला. मल्चिंगचे आणि रोपांचे पैसेसुद्धा पूर्ण निघाले नाहीत.

काका रागावले नाहीत. मी बांधावर गेले तर चहा पाजला आणि एवढंच विचारलं, "मॅडम, त्या व्हिडिओत भाव कोणत्या तारखेचा होता जी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो शेतकरी कोण, त्याचा खर्च किती, माल कुठे गेला, काहीच मी विचारलं नव्हतं. मी कृषी पदविका घेतलेली, आणि फक्त फळाचा रंग पाहून पाठवलं. टरबूज वाईट पीक आहे असं मी म्हणत नाही. बिनहिशेबाचा व्हिडिओ वाईट, आणि तो मी पाठवला होता.

*आमच्या घरची वही*

त्यानंतर मी ठरवलं, आधी आपल्या घरापासून सुरू करू. आमचं ३ एकर धान आहे. बाबांनी कधी वही ठेवली नव्हती. "सगळं डोक्यात आहे," म्हणायचे. २०२४ च्या खरिपात मी रोज रात्री त्यांना विचारून लिहून घेतलं.

येणं: ४८ क्विंटल, हमीभाव २३०० प्रमाणे *१,१०,४०० रुपये.*

रोख खर्च:
▪️ ट्रॅक्टर, नांगरणी ते चिखलणी – १३,५००
▪️ बियाणं – ४,२००
▪️ खत – १३,८००
▪️ औषधं – ७,५००
▪️ रोवणीची मजुरी – १५,०००
▪️ निंदण – ४,५००
▪️ कापणी, मळणी – ९,०००
▪️ वाहतूक, हमाली, इतर – ४,५००
एकूण *७२,००० रुपये.*

उरले ३८,४००. बाबा म्हणाले, "बरं झालं की यंदा."

मग मी वहीचं दुसरं पान उघडलं. त्यावर घरच्यांचे दिवस होते. बाबांचे ५८, आईचे ४१. आमच्या गावच्या मजुरीप्रमाणे बाबांचे ३५० आणि आईचे २५० रुपये रोज धरले. दोघांचे मिळून ३०,५५० झाले. (बाई-माणसाच्या मजुरीत एवढा फरक का, हा वेगळा विषय आहे. त्यावर एक दिवस नक्की लिहीन.) ते वजा केले तर तीन एकराचे उरले *७,८५० रुपये.*

आई बराच वेळ त्या पानाकडे पाहत होती. मग म्हणाली, "घरच्या कामाले कोन मोजते वो?"

मोजायला पाहिजे. क्लार्कसनचे १४४ पौंड ऐकून मला हसू आलं होतं. आमचा आकडा पाहून नाही आलं.

नंतर बोनस आला, हेक्टरी २० हजारांच्या हिशेबानं. त्यानं आधार दिला, नाही म्हणत नाही. पण बोनस दरवर्षी मिळेलच असं सांगता येत नाही. इंग्लंडमध्येही शेतीचं जुनं अनुदान टप्प्याटप्प्यानं बंद होत आहे. दुसऱ्याच्या हातातल्या पैशाला नफा समजून चालणार नाही.

*वही नसेल तर काय होतं?*

हे नीट वाचा. यासाठीच मेसेज लिहिला.

आमचा रोख खर्च क्विंटलला १५०० रुपये पडला. घरची मेहनत धरली तर २१३६. आता समजा, खरेदी केंद्र सुरू व्हायला उशीर झाला, दिवाळी तोंडावर आली आणि व्यापारी दारात येऊन २००० देतो म्हणाला. वही नसलेला माणूस म्हणेल, खर्च १५००, भाव २०००, देऊन टाका. खरं तर तो क्विंटलमागे १३६ रुपये घरातून घालतो. ते आईच्या आणि बाबांच्या मेहनतीतून जातात, म्हणून दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट. २०२४-२५ चा २३०० हा हमीभाव ठरवताना केंद्रानं धानाचा उत्पादन खर्च क्विंटलला १५३३ धरला होता. त्यात घरची मजुरीही धरलेली असते. पण ती देशाची सरासरी. आमच्या घरचा खर्च त्यापेक्षा ६०० रुपयांनी जास्त निघाला. २०२५-२६ चा भाव २३६९ होता. तो आपल्याला पुरला की नाही, हे सांगायला आपल्याजवळ काय आहे? मोर्चात आपण "परवडत नाही" म्हणतो. किती परवडत नाही, असं साहेबांनी विचारलं की गप्प होतो.

तिसरी गोष्ट, स्वतःच्या कामाची. आमच्या वहीत औषधाचे ७,५०० पाहून मी एकेक पावती तपासली. दोन फवारण्या कीड न मोजताच झाल्या होत्या. शेजाऱ्यानं मारलं म्हणून बाबांनी मारलं. आणि मी, कृषी सल्लागार पोरगी, घरीच होते. यंदा ठरलं आहे, मोजल्याशिवाय पंप उचलायचा नाही.

*तुम्ही काय करायचं?*

१. आजच एक शंभर पानी वही घ्या. रोवणीपर्यंतचा खर्च अजून लक्षात आहे, तो आज रात्रीच लिहा. दिवाळीला आठवणार नाही.
२. चार रकाने पुरे: तारीख, काम, रोख किती, घरची माणसं किती दिवस. बायांचे दिवस वेगळे लिहा, विसरू नका.
३. लिहिता येत नसेल तर मला आवाजाचा मेसेज पाठवा, मी लिहून ठेवीन.
४. मळणी झाली की वही कंपनीत घेऊन या. कोणाचं नाव न टाकता सगळ्यांचा मिळून क्विंटलचा खर्च काढू आणि मंडईच्या आधी याच नंबरवरून सगळ्यांना कळवू.

माझ्याकडून एक शब्द देते. शेतकरी कुठला, खर्च किती, भाव कोणत्या तारखेचा आणि माल कुठे विकला, या चार गोष्टी ज्या व्हिडिओत नसतील तो मी यापुढे पाठवणार नाही. मी पाठवला तर मला फोन करून रागवा.

आणि ज्यांनी ती क्लिप पाठवली त्यांना उत्तर: हो जी, तो शेती करते. चुकतमाकत करते. पण हिशेब सगळ्यांसमोर ठेवते. एवढं त्याच्याकडून घेऊ, ट्रॅक्टर त्याचा त्यालाच राहू द्या.

*🌾 या आठवड्याचा धान सल्ला*
▪️ युरियाचा हप्ता देण्याआधी बांधीतलं पाणी कमी करा. दोन-तीन दिवसांनी परत पाणी बांधा. भरलेल्या पाण्यात युरिया फेकू नका, वाया जातो.
▪️ गादमाशीचे चंदेरी पोंगे दिसतात का ते पाहा. बांधीत चार-पाच ठिकाणी मिळून १०० फुटवे मोजा. ५ किंवा जास्त पोंगे असतील तर फवारणीआधी मला फोटो पाठवा.
▪️ धुऱ्यावरचं गवत काढून ठेवा.
▪️ आणि हे सगळं करायला किती वेळ लागला, तो वहीत लिहा. 🙂

तुमची,
कृषी सल्लागार मॅडम
(शेतकरी उत्पादक कंपनी, जि. भंडारा)