रेट्रो रेस्टॉरंटमधली खुर्ची दुरुस्त होते का?

इराणी हॉटेलाच्या थाटाला पुन्हा बरे दिवस आले आहेत. लंडनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘डिशूम’ने मुंबईचा इराणी कॅफे तिकडे लोकप्रिय केला. आपल्याकडेही काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं आणि भिंतीवर मोठे आरसे अशी सजावट करून नवी रेस्टॉरंटं उघडत आहेत. जुन्याची ही ओढ मला मनापासून आवडते. पण अनेक ठिकाणी हात लावून पाहिलं की लाकूड म्हणजे एमडीएफवरचा सनमायका निघतो, संगमरवर म्हणजे छापील पत्रा आणि फरशी म्हणजे चिकटवलेलं व्हिनाइल. हे सामान काही वर्षांत उखडून थेट कचऱ्यात जातं. मुंबईतलं ‘कयानी’ १९०४ पासून चालू आहे. अशी हॉटेलं इतकी टिकली, त्याला त्यांच्या सामानाची घडणही कारण आहे. त्यातली जवळपास प्रत्येक वस्तू उघडता, घासता, विणता आणि पुन्हा जोडता येत होती. रेट्रो सजावट पर्यावरणाला परवडणारी करायची असेल, तर रूपाच्याही आधी दुरुस्तीची ही सोय उचलायला हवी.

या हॉटेलांतल्या बेंटवुड खुर्चीचंच पाहा. तिचा मूळ नमुना मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये व्हिएन्नाच्या बाजारात आणला. वाफेवर मऊ केलेल्या बीच लाकडाच्या कांबी लोखंडी साच्यात वाकवायच्या आणि स्क्रूने जोडायच्या, अशी त्याची कृती. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात खुर्ची उभी राहते. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या बसत, म्हणून त्या बोटीने जगभर पोचल्या. पाय ढिला झाला तर स्क्रू आवळायचा, बैठकीचा वेत तुटला तर पुन्हा विणून घ्यायचा. एमडीएफला हे सुख नाही. लाकडाचे तंतू रेझिनने दाबून ते बनवतात. त्यासाठी बहुधा वापरलं जाणारं युरिया-फॉर्माल्डिहाइड हवेत फॉर्माल्डिहाइड सोडत राहतं, आणि तो वायू कर्करोगकारक ठरलेला आहे. शिवाय कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळी हवेत आणि रोजच्या ओल्या फडक्यात त्याच्या कडा फुगतात. एकदा फुगलं की ते स्क्रू धरत नाही, त्याच्यावर रंधाही चालत नाही.

जुन्या मालकांनी कुठे काय वापरलं, यातही शहाणपण होतं. लाखेचं पॉलिश डोळ्यांना सुरेख दिसतं आणि खरवडून पुन्हा चढवता येतं, पण गरम कपाने त्यावर पांढरा डाग पडतो. म्हणून हात टेकतो तिथे लाकूड, चहा सांडतो तिथे दगड. आज मेन्यूत लिंबू आणि व्हिनेगर जास्त असेल तर संगमरवर खराब होईल; तिथे ग्रॅनाइट चांगला. फरशीचा हिशेब थोडा अवघड आहे. मुंबईची ‘भारत टाइल्स’ १९२२ पासून बनवते तशा रंगीत सिमेंटच्या फरशा दाबून पाण्यात मुरवतात, त्यांना भट्टी लागत नाही. पण खुद्द सिमेंटला लागते, आणि जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा ही फरशी दीर्घकाळ ठेवायची असेल तरच घालावी. जागेत आधीचं मोझॅक असेल तर ते फोडण्यापेक्षा पॉलिश करून घेणं केव्हाही उत्तम.

यावर व्यावसायिकांचा पहिला आक्षेप खर्चाचा. भाडेकरार तीन-पाच वर्षांचा, मग महागडं सामान कशाला? खरं तर करार छोटा असेल तेव्हाच सुटी होणारी वस्तू जास्त फायद्याची. खुर्च्या आणि दगडी टेबलं पुढच्या जागेत नेता येतात, विकताही येतात. चिकटवलेलं पॅनेलिंग मात्र भिंतीवरच सोडून जावं लागतं. एकसारख्या चाळीस खुर्च्या जुन्या बाजारात मिळत नाहीत, हे खरं आहे. ओशिवरा, चोर बाजार किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून चार-पाच नमुने जमवून एकाच रंगाचं पॉलिश दिलं तर फारसं बिघडत नाही. गिरगाव-दादरच्या चाळी आणि पुण्याच्या पेठांतले वाडे पुनर्विकासात पडतात, तेव्हा सागवानी तुळया, दारं, कठडे विक्रीला येतात. नवं झाड तोडण्यापेक्षा तेच वापरावं, फक्त कीड तपासून आणि वाळवीची प्रक्रिया करून.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिलमधल्या रेस्टॉरंटांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. ज्वलनशील सजावटीची किंमत या शहराने मोजलेली आहे. वस्तू नैसर्गिक आहे म्हणून ती निर्धोक ठरत नाही. बांबू, गवत, कापड छताला लावूच नये, आणि स्वयंपाकघराजवळ दगड, धातू, चुन्याचा गिलावा एवढंच असावं. छतावरून आठवलं, पिवळे फिलामेंट दिवेही सोडून द्यावेत. त्यांची ९० टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते आणि ती उष्णता काढायला एसी राबतो. तसाच दिसणारा एलईडी दिवा ४ वॉटमध्ये ४० वॉटचं काम करतो. इथे मात्र नक्कलच बरी.

हॉटेल काढणाऱ्यांना एक विनंती आहे. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने वाढवून घ्या: ही दुरुस्त कोण करणार, आणि जागा सोडताना ही कुठे जाणार. ज्या वस्तूपुढे हे रकाने रिकामे राहतील, ती घेऊ नका.