अपडेटचे बटण बंद करण्याआधी

दवाखान्यात रुग्ण समोर बसलेला असतो, रिपोर्ट छापायचा असतो आणि नेमकी त्याच वेळी संगणकाच्या पडद्यावर ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ अशी सूचना येते. कुठे एक्सेलची फाइल उघडता उघडत नाही, कारण मागे वनड्राइव्हचे सिंक चालू असते आणि इंटरनेटचा सगळा वेग तेच खात असते. मग ‘ही कटकट कायमची बंद करून टाका’ असे संगणक दुरुस्त करणाऱ्याला सांगितले जाते आणि तोही पाच मिनिटांत ते करून देतो. प्रश्न असा, की त्या पाच मिनिटांत नेमके काय काय बंद होते?

अपडेट आणि सिंक या दोन्ही गोष्टी आपल्याला न विचारता मागच्या मागे चालतात, म्हणून एकाच माळेचे मणी वाटतात. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी आहेत. अपडेट सॉफ्टवेअरमधली भोके बुजवते. सिंक आपल्या फाइल कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवते. एक बंद केल्याने येणारा धोका आणि दुसरे बंद केल्याने येणारा धोका सारखा नाही.

अपडेटवर राग यावा, असे घडले आहे हे खरे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभरातल्या संगणकांवर आपोआप पाठवली. तिला माहितीचा २१वा घटक तपासायचा होता, सॉफ्टवेअर मात्र २०च घटक पुरवत होते. एवढ्याशा विसंगतीने विंडोजचे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे सुमारे ८५ लाख संगणक होते. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अमेरिकेतील ‘मास जनरल ब्रिगहॅम’ या मोठ्या रुग्णालय समूहाला त्या दिवशीच्या तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया आणि तपासण्या रद्द कराव्या लागल्या. कंपनीने सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण बंद पडलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांजवळ माणसाने जाऊन ती दुरुस्त करावी लागली.

याच्या उलट टोकाचा अनुभव २०१७ चा आहे. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. ज्या त्रुटीतून ते शिरले, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिला होता. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतील अनेक संगणकांवर तो बसवलेलाच नव्हता. इंग्लंडमधील २३६ रुग्णालय संस्थांपैकी किमान ८० संस्थांना फटका बसला, तसेच ५९५ डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या संगणकांतही तो शिरला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात. काही ठिकाणी अत्यवस्थ रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयात न्यावे लागले.

म्हणजे एकीकडे न तपासता एकदम सगळीकडे गेलेल्या अपडेटने रुग्णालये अडली, तर दुसरीकडे वेळेवर न केलेल्या अपडेटने. दोन्हींचा धडा एकच आहे : अपडेट थोडे थांबवून, टप्प्याटप्प्याने घ्यावे, ते कायमचे बंद करू नये. क्राउडस्ट्राइकनेही त्या घटनेनंतर अशा फाइल टप्प्याटप्प्याने पाठवण्याची आणि ग्राहकाला त्यावर नियंत्रण देण्याची व्यवस्था केली.

छोट्या दवाखान्याला, पॅथॉलॉजी लॅबला किंवा घरच्या संगणकालाही हे जमण्यासारखे आहे. विंडोजमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ ठरवून दिले, की त्या वेळात संगणक अपडेटसाठी आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही. ओपीडीची वेळ तिथे भरावी. अपडेट काही आठवडे पुढे ढकलण्याचीही सोय आहे. दोन संगणक असतील तर आधी एकावर अपडेट घ्यावे आणि दोन-चार दिवस प्रिंटर, बिलिंग नीट चालते का पाहून मग दुसऱ्यावर घ्यावे. वर्ड-एक्सेलमध्येही अपडेट पूर्ण बंद करण्याचा पर्याय दिसतो. पण तो निवडला, की नव्या सोयींबरोबर सुरक्षेचे उपायही थांबतात. सोनोग्राफी, सीटी स्कॅन अशा यंत्रांना जोडलेल्या संगणकांचे अपडेट मात्र यंत्राच्या कंपनीला विचारूनच करावे आणि ते संगणक इंटरनेटपासून शक्य तितके दूर ठेवावेत.

मुदत संपलेल्या सॉफ्टवेअरचा प्रश्न वेगळाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० तसेच ऑफिस २०१६ आणि २०१९ यांना मिळणारा नियमित आधार संपला. अशा संगणकावर ‘हल्ली अपडेट येत नाही, बरे झाले’ असे वाटत असेल, तर ती शांतता धोक्याची आहे. विंडोज १० साठीची मुदतवाढीची योजना घेतलेली नसेल, तर नव्याने सापडणारी भोके उघडीच राहतात.

सिंकचे तसे नाही. ते बंद केल्याने सॉफ्टवेअर कमकुवत होत नाही. उलट, रुग्णांच्या याद्या आणि रिपोर्ट स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर नकळत जात असतील, तर ते बंदच करायला हवे. रुग्णाची माहिती कुठे साठते याची जबाबदारी दवाखान्याची आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे ती केवळ नैतिक राहिलेली नाही.

मात्र बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा. वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलपुढे ढगाचे चिन्ह दिसते, ती संगणकावर नसतेच. तिचे फक्त नाव दिसत असते. म्हणून आधी सर्व फाइल ‘या संगणकावर कायम ठेवा’ असा पर्याय निवडून उतरवून घ्याव्यात, त्या उघडतात का पाहावे आणि मगच खाते वेगळे करावे. केवळ काही तासांची अडचण असेल, तर २, ८ किंवा २४ तासांसाठी सिंक थांबवता येते. तेवढे पुरेसे असते.

सिंक म्हणजे बॅकअप, हाही एक गैरसमज. एका ठिकाणी पुसलेली फाइल सिंकमुळे दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेली फाइलही तशीच वर जाते. जुनी प्रत परत मिळवण्याची सोय असते, पण ती मुदतीची. त्यामुळे सिंक चालू असो वा बंद, आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क काढून ठेवणे याला पर्याय नाही.

औषधाची मुदत, ऑक्सिजनचा साठा, अग्निशमन यंत्र यांची तपासणी कोणी करायची हे दवाखान्यात ठरलेले असते. संगणकाचे अपडेट मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नसते, म्हणून ते एकतर नको त्या वेळी होते किंवा कधीच होत नाही. महिन्यातला एक ठरावीक दिवस, एक जबाबदार माणूस आणि भिंतीवरच्या वहीत तारखेची नोंद, एवढ्याने हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.