घरांतील कायदा : दुरुस्त केलेल्या वस्तूची विक्री

जुनें विकून नवें घेणें हें आतां घरोघरचें झालें आहे. मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही या वस्तू थोड्याच वर्षांत बदलल्या जातात व जुन्या कोणाच्या ना कोणाच्या हातीं जातात. त्यांतील पुष्कळ वस्तू मध्यंतरीं उघडून दुरुस्त केलेल्या असतात. विकतांना ही गोष्ट सांगणें कायद्यानें बंधनकारक आहे काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे.

याचें उत्तर सन १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्यें आहे, आणि तें प्रथमदर्शनीं निष्ठुर वाटतें. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे, असें तें कलम सांगतें. तेथें उदाहरण दिलें आहे तें घोड्याचें. एकानें लिलावांत आपला सदोष घोडा विकला व दोषाविषयीं अवाक्षर काढलें नाहीं, तर तें कपट होत नाहीं. परंतु पुढचेंच उदाहरण पाहावें. घोडा घेणारी ही विकणाराची नुकतीच वयांत आलेली कन्या असेल, तर दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. त्यापुढें तिसरें उदाहरण आहे. 'आपण नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन,' अशा अर्थाचें घेणारानें सांगितलें व विकणारा गप्प बसला, तर तें मौन म्हणजे बोलणेंच होय.

आतां घोड्याच्या जागीं मोबाईल ठेवावा. पाण्यांत पडून दुरुस्त झालेला मोबाईल काका आपल्या कॉलेजांत जाणाऱ्या पुतणीस विकतात. ती शिष्यवृत्तीच्या पैशांतून किंमत देते, आणि काकांना काय विचारावयाचें म्हणून कांहींच विचारीत नाहीं. परीक्षेच्या तोंडावर तो बंद पडला तर बाजारांतील 'पाहून घ्या' हा न्याय काकांना पुढें करतां येईल काय? ज्या विश्वासामुळें तिनें विचारलें नाहीं, त्याच विश्वासामुळें काकांनीं सांगावयास हवें होतें. कन्येच्या उदाहरणांतील तत्त्व हेंच आहे.

दोष मुद्दाम लपविणें ही मात्र निराळी गोष्ट. तडा झांकणें, पाण्याची खूण पुसणें, 'कधींच उघडला नाहीं' असें ठोकून देणें, हें परक्याशीं केलें तरी कपटच. कलम १९ प्रमाणें असा करार खरेदीदारास रद्द करतां येतो.

दुकानदारावर याहून अधिक बंधनें आहेत. सन १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणें, वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य असला पाहिजे, ही अट व्यापाऱ्याच्या विक्रींत गृहीतच असते. शिवाय सन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. जुना किंवा दुरुस्त करून नीटनेटका केलेला माल नवा म्हणून दाखविणें ही त्या कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणें हीहि तशीच. अशा वेळीं खरेदीदारानें आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करावी. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाहीं.

घेणाराचेंहि कर्तव्य आहे. सामान्य सावधगिरीनें जें कळलें असतें, त्याविषयींच्या निव्वळ मौनाचें निमित्त करून करार मोडतां येत नाहीं, असा अपवाद कलम १९ मध्येंच आहे. कित्येक आयफोनांच्या सेटिंगमध्यें बदललेल्या भागांची नोंद दिसते. ती न पाहणाराची बाजू पुढें लंगडी पडूं शकते.

म्हणून विकणारानें एक साधी चिठ्ठी लिहून द्यावी : वस्तु केव्हां दुरुस्त केली, पडदा, बॅटरी वा अन्य कोणता भाग बदलला, तो मूळ कंपनीचा आहे कीं नाहीं, आणि ती कधीं पाण्यांत पडली होती काय. घेणारानें हेच प्रश्न लेखी विचारावे व उत्तर जपून ठेवावें. फुगलेल्या बॅटरीची वस्तु तर कोणासच देऊं नये. ती पेट घेऊं शकते. चिठ्ठीमुळें किंमत चारदोनशें रुपयांनीं उतरेल हें खरें. पण पुढें कज्जा उद्भवला तर तीच चिठ्ठी विकणाराच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होईल. आणि घरांतल्या घरांत व्यवहार असेल, तेथें तर ती आधीं लिहावी व मग किंमत ठरवावी.