अर्धे वेतन, पूर्ण भय

२२ मार्च २०२० च्या सायंकाळी आम्हीही थाळ्या वाजविल्या. डॉक्टर, परिचारिका, पोलीस यांचा जयजयकार झाला. मौद्याच्या बाजारातील किराणा दुकानात रोज चार तास तराजूशी उभी राहणारी मुलगी मात्र कोणाच्या स्मरणात नव्हती. टाळेबंदीत तांदूळ-तेल जीवनावश्यक ठरले. ते मोजून देणारे हात कोणत्याच यादीत बसले नाहीत.

त्याच आठवड्यात, २७ मार्चला, संत पेत्राच्या निर्जन चौकात पोप फ्रान्सिस यांनी डॉक्टर-परिचारिकांच्या पंक्तीत सुपरमार्केटमधील नोकरांनाही बसविले. ते ऐकून आम्ही भारावलो, आणि साखर संपली म्हणून त्याच मुलीवर खेकसलोही.

‘अर्धवेळच तर काम,’ असे मालक म्हणतात. खोटे कशाला बोलावे, त्यांत आपल्या धर्मग्रामातील मालकही आहेत. वेतन अर्धे असेल. संसर्गही अर्धाच होतो काय? टाळेबंदीत वेतन कापू नये, असा केंद्राचा २९ मार्चचा आदेश होता. पण हजेरीपुस्तकात नावच नसलेल्याने ते कोणत्या तोंडाने मागावे? १८ मेपासून तर तो आदेशही उरला नाही. दुकानांविषयीचा राज्याचा २०१७ चा कायदा मुळातच दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी झाला; दोन-तीन नोकरांचे दुकान त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहिले.

१ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफाचा सण पाळतो. त्या दिवशीच्या विनंत्यांत या मुलामुलींचा उल्लेख व्हावा, एवढ्यावर आमचे समाधान नाही. ज्यांची दुकाने आहेत, त्यांनी मिस्साला येण्यापूर्वी हजेरीपुस्तक उघडावे आणि त्यांची नावे त्यात लिहावीत.