विश्लेषण : भूपेन खक्कर यांच्या चित्रांतले पुरुष इतके साधे का?

जून 2019 मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात भूपेन खक्कर यांचे ‘टू मेन इन बनारस’ हे चित्र सुमारे 25 लाख पौंडांना, म्हणजे 22 कोटी रुपयांच्या आसपास विकले गेले. चित्र 1982 चे. डावीकडे काळोखात मिठी मारून उभे असलेले दोन नग्न पुरुष आणि बाजूला बनारसची नेहमीची वर्दळ. ते रंगवले गेले तेव्हा कलम 377 नुसार समलिंगी संबंध हा जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरती रद्द केली 6 सप्टेंबर 2018 रोजी. खक्कर यांचे निधन त्याआधी 15 वर्षे, 2003 मध्येच झाले होते.

कोण होते खक्कर?

जन्म 1934, मुंबई. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. 1962 मध्ये बडोद्याला गेले, तिथे कला-समीक्षा शिकले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही. हिशेबाची नोकरी सांभाळून त्यांनी न्हावी, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी माणसे रंगवली. गुजरातीत कथा-नाटकेही लिहिली. 1984 मध्ये पद्मश्री मिळाली.

समलिंगी असणे चित्रांत कधी आले?

उघडपणे 1980 नंतर, आईच्या निधनानंतर. 1981 च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये एक नग्न पुरुष गच्चीत पाठमोरा उभा आहे. खाली बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट घडते आहे. गाढवावर कोणीही बसले तरी लोक नावे ठेवणार, ही ती गोष्ट. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे आपण मुलांना सहज सांगतो. मनाचे करायला खक्कर यांना वयाची 47 वर्षे लागली.

या शरीरांत वेगळे काय?

त्यांना ‘भारताचे हॉकनी’ म्हणायची पद्धत आहे. ती आळशीपणाची आहे. डेव्हिड हॉकनी यांच्या कॅलिफोर्नियातल्या जलतरण तलावांवर तरुण, उन्हात न्हालेली शरीरे दिसतात. खक्कर यांचे प्रेमिक पोट सुटलेले, केस पिकलेले, थोडे संकोचलेले असतात. बँकेच्या रांगेत आपल्या पुढे उभे असावेत असे. समलिंगी माणूस म्हणजे कोणी परका, भडक, मोठ्या शहरातला, ही समजूत त्यांच्यापुढे टिकत नाही. 1987 मध्ये त्यांनी ‘ययाती’ रंगवले. खांडेकरांच्या कादंबरीतून ययाती ओळखणारा मराठी वाचक इथे थबकेल, कारण तारुण्याची देवाणघेवाण इथे दोन पुरुषांच्या जवळिकीतून होते.

पुढे 1998 मध्ये पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाले. मग तेच शरीर आजारी, फाटलेले, वेदनेने वाकलेले दिसू लागले. प्रेम करणारे शरीर आणि दुखणारे शरीर एकच असते, हे इतक्या थेट रंगवणारे आपल्याकडे फार थोडे.

मग आज अडचण कुठे आहे?

नग्नता आणि अश्लीलता यांतला फरक अजूनही न्यायालयाला सांगावा लागतो. मुंबईत सीमाशुल्क विभागाने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती अश्लील ठरवून जप्त केल्या होत्या. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, असे सांगत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये ही जप्ती रद्द केली. सूझा, पदमसी ही नावे मोठी, चित्रे महाग; त्यांच्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाणारे कोणीतरी होते. सोलापूर किंवा सावंतवाडीत बसून स्वतःचे शरीर रंगवणाऱ्या एखाद्या क्वीअर चित्रकाराचे चित्र मात्र बहुधा कलादालनाच्या दारातच परत पाठवले जाते, आणि त्याचा निकाल कुठेच नोंदवला जात नाही.